जहाजावरून उतरून सात आठवडे झाले, तरी जमीन डोलते

प्रश्न थोडक्यात असा आहे. ठाण्यात राहणाऱ्या, ४६ वर्षांच्या एका शिक्षिकेने दिवाळीच्या सुट्टीत कुटुंबासह मुंबईहून निघून गोवा आणि लक्षद्वीप असा पाच रात्रींचा जहाजप्रवास केला. जहाजावर त्यांना बोट लागली नाही. उलटी, मळमळ काहीही झाले नाही. घरी परतल्यावर त्याच संध्याकाळी ओट्याशी उभ्या असताना पायाखालची फरशी डोलू लागली आणि आज सात आठवडे उलटले तरी ते डोलणे थांबलेले नाही. खोली गरगरत नाही, कान दुखत नाही, ऐकू नीट येते. पण उभे राहिले की आपण होडीत उभे आहोत असे वाटते, फळ्यावर लिहिताना दुसरा हात टेकावा लागतो आणि संध्याकाळपर्यंत डोके जड होऊन जीव थकून जातो. रक्ताच्या तपासण्या, कानाच्या तपासण्या आणि मेंदूचा एमआरआय असे सगळे नॉर्मल आहे. बीटाहिस्टीनच्या गोळ्या महिनाभर घेऊन काही फरक पडला नाही आणि दोन ठिकाणी ‘टेन्शनमुळे होत असेल’ असे सांगण्यात आले. लंडनला शिकणाऱ्या मुलीकडे मे महिन्यात जाता येईल का, असे त्यांनी विचारले आहे. पत्राच्या अगदी शेवटी त्या लिहितात की, रिक्षात किंवा लोकलमध्ये बसले की मात्र पूर्ण बरे वाटते, हे कसे काय?

तुमच्या पत्रातील सर्वांत महत्त्वाचे वाक्य तुम्ही सर्वांत शेवटी, जवळजवळ गंमत म्हणून लिहिले आहे, आणि माझ्या उत्तराची सुरुवात मी तिथूनच करतो. चक्करेचे रुग्ण मी गेली बावीस वर्षे तपासतो आहे. गरगरण्याच्या आणि तोल जाण्याच्या बहुतेक आजारांत वाहनाचा प्रवास रुग्णाला नकोसा होतो. घाटातली एसटी तर सोडाच, रिक्षाचे दोन धक्केही सहन होत नाहीत. तुमचे नेमके उलट आहे. वाहन चालू असेपर्यंत आराम आणि उतरून स्थिर उभे राहिले की पुन्हा डोलणे, हा क्रम ज्यात ठळकपणे दिसतो असा आजार मुख्यतः एकच आहे, आणि प्रवास संपल्यावर काही तासांत सुरू झालेला तुमचा त्रास त्याच्याशी जुळतो. प्रत्यक्ष तपासल्याशिवाय निदानावर शिक्का मारणे योग्य नाही आणि मीही तो मारणार नाही. मात्र तुमच्या डॉक्टरांपुढे ही शक्यता स्पष्ट शब्दांत ठेवावी, इतका ठामपणा तुमच्या हकिकतीत नक्की आहे.

या आजाराला माल द देबार्कमाँ सिंड्रोम म्हणतात. शब्द फ्रेंच आहेत आणि त्यांचा अर्थ साधा आहे: जहाजावरून उतरण्याचा आजार. मालवाहू जहाजांवर चीफ इंजिनिअर म्हणून काम केलेले अलिबागकडचे एक गृहस्थ काही वर्षांपूर्वी माझ्याकडे आले होते. सगळ्या कारकिर्दीत आपल्याला कधी बोट लागली नाही, याचा त्यांना अभिमान होता. ‘डॉक्टर, बोट कधी लागली नाही, पण आता जमीन लागली,’ असे ते म्हणाले. फ्रेंच नावापेक्षा मला हेच नाव अधिक नेमके वाटते, कारण या आजारात शरीराला हलती बोट मानवते आणि स्थिर जमीन मानवत नाही. बोट लागणे आणि हा त्रास या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. इथे येणाऱ्या रुग्णांपैकी अनेकांना प्रवासात काहीच त्रास झालेला नसतो, त्यामुळे ‘जहाजावर तर मी ठणठणीत होते’ हे तुमचे वाक्य निदानाच्या विरोधात जात नाही.

समुद्रावर काही दिवस काढून आलेल्या बहुसंख्य निरोगी माणसांना उतरल्यावर थोडा वेळ डोलल्यासारखे होते. ते विशेषतः जाणवते ते न्हाणीघरात, तोंडाला साबण लावून डोळे मिटले की. चार तास, फार तर दोन दिवस, आणि ते आपोआप निघून जाते. दर्यावर जाणाऱ्यांना याचे काही विशेष वाटत नाही. चार्ल्स डार्विन यांचे आजोबा इरॅस्मस डार्विन हे पेशाने वैद्य होते. त्यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस या अनुभवाचे वर्णन करून ठेवले आहे. बरेच दिवस बोटीवर राहून परतलेल्या माणसाला अर्धवट झोपेत आपली खोली आणि तिच्यातील सामान जहाजासारखे हेलकावताना दिसते, असे त्यांनी लिहिले. मात्र काही लोकांत हे डोलणे थांबतच नाही, हे वैद्यकशास्त्राने गांभीर्याने घ्यायला बराच काळ जावा लागला. १९८७ मध्ये ब्राऊन आणि बलोह या अमेरिकी डॉक्टरांनी अशा सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली आणि तेव्हापासून हा स्वतंत्र आजार म्हणून ओळखला जाऊ लागला. तोलाच्या विकारांवर काम करणाऱ्या बारानी सोसायटी या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०२० मध्ये त्याचे निकष ठरवून दिले. ते तुमच्याशी ताडून पाहा: गरगरण्याऐवजी डोलल्याची, हेलकावल्याची किंवा वरखाली झाल्याची जाणीव, तीही सतत किंवा दिवसाचा बहुतेक वेळ, प्रवास संपल्यापासून ४८ तासांच्या आत सुरुवात, पुन्हा वाहनात बसल्यावर तात्पुरता आराम, ४८ तासांपेक्षा जास्त काळ टिकणे, आणि दुसऱ्या कोणत्याही आजाराने याचा अधिक चांगला उलगडा न होणे. महिनाभराच्या आत थांबला तर तो तात्पुरता आणि महिन्याच्या पुढे गेला तर चिवट, असे त्याचे प्रकार मानतात. सात आठवड्यांमुळे तुम्ही दुसऱ्या प्रकारात मोडता.

आता हे होते कसे, ते सांगतो. आपल्या प्रत्येक आतल्या कानात तीन अर्धवर्तुळाकार नळ्या आणि दोन लहान पिशव्या असतात. नळ्यांमुळे डोके वळल्याचे कळते, पिशव्यांमुळे ते कलल्याचे किंवा शरीर पुढेमागे, वरखाली सरकल्याचे. या खबरीला डोळ्यांची खबर आणि तळपाय, घोटे, मान यांच्याकडून येणारी खबर जोडून मेंदू तोल सांभाळतो. जहाजाच्या केबिनमध्ये या तिघांचे एकमेकांशी पटत नाही: डोळ्यांना समोरची भिंत स्थिर दिसते, पण कान हलत असल्याचे सांगतो आणि पाय दर काही सेकंदांनी भार एकावरून दुसऱ्यावर टाकत राहतात. दोन-तीन दिवसांत मेंदू लाटेची लय ओळखतो आणि पुढचा हेलकावा येण्याआधीच शरीराला सावरायला शिकतो. ही शिकवणूक फार उपयोगाची आहे, तिच्यामुळेच खलाशी डेकवर सरळ चालतो. उतरल्यावर ती पुसली जायला हवी. तुमच्या बाबतीत ती पुसली गेलेली नाही. जमीन स्थिर असताना मेंदू अजून न येणाऱ्या लाटेसाठी शरीर सावरतो आहे आणि त्या सावरण्यालाच तुम्ही डोलणे म्हणून अनुभवता आहात. लोकल सुरू झाली की मेंदूला अपेक्षित असलेली हालचाल प्रत्यक्षात मिळते, हिशेब जुळतो आणि बरे वाटते. कल्याणच्या एका रुग्ण बाई दुपारी गर्दी नसताना कर्जत लोकल पकडून नुसत्या जाऊन येत असत. घरच्यांना तो वेडेपणा वाटे. खरे तर दिवसातला एवढा एकच काळ त्यांना स्थिर वाटत होते.

न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय या वैद्यकीय संस्थेतील मिंग्जिया दाई, बर्नार्ड कोहेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याचा आणखी नेमका खुलासा मांडला. डोके वळले की नजर स्थिर ठेवण्यासाठी डोळे उलट दिशेला फिरतात; ही प्रतिक्षिप्त क्रिया कान आणि मेंदूचा बुंधा मिळून चालवतात, आणि वळण्याची खबर कानातून विरल्यावरही बुंध्यातील एक यंत्रणा ती काही वेळ धरून ठेवते. जहाज डाव्या-उजव्या बाजूला झुलत असतानाच आपण डोके इकडे-तिकडे वळवत राहतो, त्यामुळे झुलण्याची आणि वळण्याची खबर एकमेकांत गुंतून पडते आणि यंत्रणा चुकीच्या बेतावर बसते, असा त्यांचा सिद्धांत आहे. या रुग्णांना जाणवणारे डोलणे अनेकदा साधारण पाच सेकंदांना एक हेलकावा या लयीचे असते, याचीही संगती या सिद्धांतात लागते. यून-ही चा या संशोधिकेने मेंदूचा कोणता भाग किती काम करतो हे दाखवणाऱ्या पेट स्कॅनचा अभ्यास केला, तेव्हा जागेची स्मृती आणि भीती यांच्याशी संबंधित भागांत हालचाल वाढलेली आढळली. तुम्ही लिहिलेले डोके जड होणे, शब्द न सुचणे, वर्गात मुलांची नावे चुकणे, हे सगळे याच आजाराचे अंग असू शकते; तो काही वेगळा विसराळूपणा नाही. हा त्रास चाळिशी-पन्नाशीतील स्त्रियांत जास्त दिसतो आणि अर्धशिशीचा इतिहास असणाऱ्यांतही बराच आढळतो. काही स्त्रिया सांगतात की पाळीच्या आसपास डोलणे वाढते. पाळी अनियमित होऊ लागली असेल, तर हे तुमच्या डॉक्टरांना आवर्जून सांगा.

तपासण्या नॉर्मल आल्याने तुम्ही निराश झाला आहात, हे पत्रावरून दिसते. या आजारात कान शाबूत असतो, मेंदूची रचना शाबूत असते. बिघडलेला असतो तो या दोहोंचा ताळमेळ, आणि तो एमआरआयच्या चित्रात दिसत नाही. म्हणून इथे नॉर्मल अहवाल निदानाला पूरक ठरतो. माझ्या खोलीत मी रुग्णाला आधी कडक फरशीवर आणि मग चार बोटे जाड फोमच्या गादीवर पाय जुळवून उभे करतो, डोळे मिटायला सांगतो आणि पदराच्या किंवा ओढणीच्या टोकाकडे बघत राहतो. शरीराचे डोलणे अगदी थोडे असले, तरी लोंबते टोक ते दाखवून देते. बऱ्याच रुग्णांना आपण फूटभर झुललो असे वाटते आणि टोक जेमतेम इंचभर हललेले असते. एका बाईंनी तर घरी स्टीलचा पेला काठोकाठ भरून टेबलावर ठेवला होता आणि डोलायला लागले की त्या पाणी हलते का ते बघत. पाणी हलत नाही हे पाहून त्या अधिकच घाबरत. जाणवणे आणि प्रत्यक्ष हलणे यांतील ही तफावत म्हणजे नाटक नव्हे. जाणीव तयार होते मेंदूत, आणि तिथली जाणीव खरीच असते.

‘टेन्शन’ या शब्दाबद्दल. डोलणे आठवडेच्या आठवडे टिकले की चिंता वाढते, झोप बिघडते आणि बिघडलेल्या झोपेने डोलणे वाढते, हे खरे आहे. पण क्रम लक्षात घ्या: तुमच्या पत्रात आधी डोलणे आहे आणि काळजी नंतर. मानसोपचारतज्ज्ञांकडे जायची वेळ आली तर संकोच करू नका, त्यांची या आजारात खरी मदत होते. मात्र ‘मनाचे खेळ आहेत’ असे ऐकून तपासणी अर्धवट सोडू नका.

तपासणी सोडू नका असे म्हणण्याला दुसरेही कारण आहे. प्रवासानंतर आलेली प्रत्येक चक्कर म्हणजे हाच आजार, असे समजणे धोक्याचे आहे. आपण चक्कर हा एकच शब्द पाच-सहा निरनिराळ्या अनुभवांसाठी वापरतो, आणि त्यामुळे दवाखान्यात पहिली दहा मिनिटे रुग्णाला नेमके काय होते हे उलगडण्यात जातात. कूस बदलताना किंवा वरच्या फळीवरचा डबा काढताना खोली अर्धा मिनिट गरगरा फिरत असेल, तर कानातील चुनखडीचे कण जागा सोडून नळीत गेलेले असण्याची शक्यता जास्त. तो त्रास डॉक्टरांनी टेबलावर डोके ठरावीक क्रमाने वळवून बहुधा एक-दोन भेटींत बरा होतो. उठून उभे राहताच डोळ्यांपुढे अंधारी येत असेल, तर रक्तदाब बसून आणि उभ्याने असा दोन्ही वेळा मोजायला हवा, आणि रक्तदाबाच्या गोळ्यांचा डोसही तपासायला हवा. शाकाहारी रुग्णांत बी-१२ कमी असणे आणि जुन्या मधुमेहात तळपायांची संवेदना कमी होणे नेहमीचे आहे. अशा माणसाला अंधारात चालताना तोल जातो. कान दडपणे, आवाज येणे, ऐकू कमी येणे आणि तासन्‌तास गरगरणे ही चौकडी मेनियर नावाच्या आजाराची. अर्धशिशीतही डोके न दुखता चक्कर येऊ शकते. शिवाय चक्करेच्या कोणत्याही झटक्यानंतर महिनोन्‌महिने टिकून राहणारी एक अस्थिरता असते, ती उभे राहिल्यावर आणि गर्दीत, मॉलमधील लांबच लांब रांगांत वाढते. ती तुमच्या आजाराच्या सर्वांत जवळची बहीण आहे आणि वाहनात बरे वाटते का, हा प्रश्न बऱ्याचदा या दोघींना वेगळे करतो.

तुमच्या सहलीत कोणी स्कूबा डायव्हिंग केले होते का, याचा उल्लेख पत्रात नाही. लक्षद्वीपला किंवा आपल्याकडे तारकर्ली-मालवणला बरेच जण हौसेने पाण्याखाली जातात. त्यानंतर चक्कर, कानात आवाज किंवा कमी ऐकू येणे सुरू झाले, तर आतल्या कानाला दाबाची इजा झालेली असू शकते, आणि तिथे ‘बघू, कमी होईल’ असे म्हणत आठवडा घालवणे महागात पडते. त्याचप्रमाणे एका कानाने अचानक ऐकू येणे बंद होणे, बोलणे जड होणे, दोन-दोन दिसणे, चेहऱ्याची किंवा हातापायाची एक बाजू लुळी पडणे, गिळता न येणे, पूर्वी कधी झाली नव्हती अशी तीव्र डोकेदुखी, किंवा आधाराशिवाय उभेच राहता न येणे, यांपैकी काहीही घडले तर ती तातडीची अवस्था समजून थेट मोठ्या रुग्णालयात जावे. तुमच्या पत्रात यातले काही नाही.

आता गोळ्यांकडे वळतो, कारण माझी खरी तक्रार इथे आहे. आपल्याकडे चक्कर म्हटले की बीटाहिस्टीन, सिनारिझीन किंवा प्रोक्लोरपेराझीन लिहून दिले जाते, आणि ते संपले की रुग्ण जुनी चिठ्ठी दाखवून दुकानातून पुन्हा आणतो. गरगरण्याच्या तीव्र झटक्यात दोन-तीन दिवस या गोळ्यांचा उपयोग होतो. तुमच्या आजारात त्यांचा फारसा उपयोग होत नाही, आणि प्रवासापूर्वी घ्यायच्या अव्होमीनसारख्या गोळ्याही उतरल्यानंतरच्या डोलण्यावर काम करत नाहीत. सिनारिझीन आणि प्रोक्लोरपेराझीन महिनोन्‌महिने घेतल्यास, विशेषतः उतारवयात, हात कापणे, चाल मंदावणे, चेहरा निर्विकार होणे अशी पार्किन्सनसारखी लक्षणे येऊ शकतात. त्यात पुन्हा या दाबणाऱ्या गोळ्या मेंदूला नव्याने शिकू देत नाहीत. महिनाभर घेऊनही फरक पडलेला नसल्याने बीटाहिस्टीन बंद करण्याबद्दल तुमच्या डॉक्टरांशी बोलावे, असे मी सुचवेन.

ज्यांचा काही प्रमाणात उपयोग दिसला आहे अशी औषधे दोन गटांतली आहेत. क्लोनाझेपाम अगदी थोड्या मात्रेत दिल्याने अनेकांचे डोलणे सौम्य होते, पण त्याची सवय लागते, झोपाळूपणा येतो आणि ते एकदम बंद करता येत नाही; म्हणून ठरावीक मुदतीसाठी, मुदत आधी ठरवून आणि एकाच डॉक्टरांच्या देखरेखीखाली घ्यावे. दुसरा गट नैराश्य आणि अर्धशिशी यांवर वापरल्या जाणाऱ्या औषधांचा. तुम्हाला तरुणपणी अर्धशिशी असेल किंवा आईला होती असे आठवत असेल, तर व्हेन्लाफॅक्सीनसारखे औषध विचारात घेण्यासारखे आहे. नैराश्याची गोळी लिहिली म्हणजे डॉक्टरांनी मला मनोरुग्ण ठरवले, असा राग कृपया धरू नका; तेच औषध इथे वेगळ्या कामासाठी दिले जाते.

औषधांपलीकडचा, आजाराच्या मुळाशी जाणारा उपचार दाई यांच्या गटाने २०१४ मध्ये प्रसिद्ध केला. रुग्णाला अंधाऱ्या खोलीत बसवतात, भोवतीच्या भिंतींवर उभे पट्टे सावकाश एका दिशेने सरकवतात आणि तो पट्ट्यांकडे बघत असताना त्याचे डोके त्याला जाणवणाऱ्या डोलण्याच्याच लयीत डाव्या-उजव्या खांद्याकडे कलवत राहतात. पट्टे कोणत्या दिशेला सरकवायचे, हे डोळे मिटून जागच्या जागी पावले टाकायला लावून ठरवतात. पावले टाकताना शरीर नकळत ज्या बाजूला वळते त्यावरून दिशा कळते. काही मिनिटांची अशी अनेक सत्रे चार-पाच दिवस चालतात. पहिल्या २४ रुग्णांपैकी १७ जणांना, म्हणजे सुमारे ७० टक्के रुग्णांना, पूर्ण किंवा भरीव आराम पडला आणि तो सरासरी वर्षभराच्या पाठपुराव्यात टिकलेला दिसला. पुढे जास्त रुग्णांवर हा उपचार झाला, तेव्हा बरे होऊनही पुन्हा उलटलेले रुग्णही आढळले, आणि उपचारानंतर लगेच लांबचा प्रवास करून घरी जाणे हे त्याचे एक कारण ठरते. डोक्यावर चुंबकीय लहरींनी मेंदूला उत्तेजन देण्याच्या उपचारावरही संशोधन चालू आहे, पण ते अजून नेहमीच्या वापरात आलेले नाही.

तोलाच्या पुनर्वसनाचे काम करणाऱ्या केंद्रात किंवा न्यूरो-ऑटॉलॉजिस्टकडे, म्हणजे कान आणि मेंदू यांच्याशी संबंधित चक्करेच्या तज्ज्ञांकडे जाल, तेव्हा ऑप्टोकायनेटिक उत्तेजनाची, म्हणजे सरकते पट्टे दाखवून डोळ्यांना चालना देण्याची सोय आहे का आणि डोके कलवत पट्टे दाखवण्याची ही पद्धत ते वापरतात का, असे या शब्दांत विचारा. एक इशारा मात्र देऊन ठेवतो. सरकत्या पट्ट्यांच्या चित्रफिती यूट्यूबवर फुकट मिळतात आणि माझे काही रुग्ण मोबाइल नाकासमोर धरून त्या बघतात. दिशा किंवा लय चुकली तर त्रास वाढू शकतो. एका रुग्णाला तर त्यानंतर दोन दिवस अंथरूण सोडता आले नाही. घरी करायचेच असेल, तर निदान दिशा आणि वेग कोणीतरी तपासून ठरवून दिलेला असावा.

घरी काय करावे, याबद्दल माझे मत स्पष्ट आहे: पडून राहू नका. तुम्ही शाळेतून रजा घेऊन विश्रांती घ्यावी का, असे विचारले आहे, नको. या आजारात त्रास सर्वांत जास्त होतो तो स्थिर उभे असताना, स्थिर बसताना आणि अंथरुणावर डोळे मिटून पडल्यावर. स्वतः चालताना मेंदूला पायांकडून ताजी आणि खरी खबर मिळत राहते. रोज सकाळी सपाट मैदानावर अर्धा तास चाला, झाडे किंवा इमारती अशा दूरच्या स्थिर गोष्टींवर नजर ठेवा. काही दिवसांनी चालताना डोके सावकाश डावीकडे-उजवीकडे वळवण्याचा सराव करा. भिंतीच्या कोपऱ्यात पाठ करून, समोर खुर्ची ठेवून, पाय जुळवून उभे राहण्याचा सराव आधी डोळे उघडे ठेवून आणि नंतर मिटून करता येईल. फिजिओथेरपिस्टकडून तो एकदा शिकून घेतलेला बरा. या व्यायामांनी डोलणे मुळापासून जाईलच असे मी म्हणणार नाही, पण पडण्याची भीती कमी होते आणि त्या भीतीने आखडलेली मान व पोटऱ्या सुटतात. न्हाणीघरात केस धुताना स्टुलावर बसा. रात्री पॅसेजमधला दिवा चालू ठेवा. वर्गात फळ्यावर सलग दहा मिनिटे लिहिण्याऐवजी मुलांमधून फिरत शिकवा, यात त्यांचाही फायदा आहे. मोबाइलवर भराभर वरखाली सरकवत बसणे काही आठवडे टाळा. त्याने डोलणे वाढल्याचे बरेच रुग्ण सांगतात. झोपेची वेळ मात्र काटेकोर पाळा.

झोपाळ्याबद्दल तुम्ही विचारलेले नाही, पण विचाराल, म्हणून लिहितो. लोकलने बरे वाटते तसे झोपाळ्यावर बसूनही बरे वाटते आणि कोकणातल्या रुग्णांना हा शोध स्वतःहूनच लागतो. वाईट दिवशी दहा-पंधरा मिनिटे झोके घ्यायला हरकत नाही. दिवसाचे तीन-तीन तास त्यावर काढू लागलात, तर ज्या हेलकाव्याची सवय मोडायची आहे तीच आपण रोज पक्की करत राहू. लोकलच्या फेऱ्यांनाही हेच लागू आहे. कामासाठी जावे लागले तर निर्धास्त जा, निव्वळ आरामासाठी जाऊ नका. उतरल्यावर डोलणे काही काळ अधिक जोरात परतते, हे तुम्हीही अनुभवले असेल.

हे कधी थांबेल, असे तुम्ही दोनदा विचारले आहे. पहिल्या काही महिन्यांत बरेच जण आपोआप बरे होतात. सहा महिने उलटल्यावर आपोआप बरे होण्याची शक्यता घटत जाते, तरी ती संपत नाही. वर्षानंतर बरे झालेले रुग्ण मी पाहिले आहेत. बरे होणे सरळ रेषेत नसते. आधी दिवसातला एखादा तास डोलण्याशिवाय जातो आणि तो गेल्यावर लक्षात येते, मग एखादी सकाळ, आणि मधेच ताप आला किंवा जागरण झाले की दोन पावले मागे. रोज रात्री शून्य ते दहा अशा मोजपट्टीवर त्या दिवसाच्या डोलण्याचा एकच आकडा कॅलेंडरवर लिहा, आणि पाळी, प्रवास, जागरण यांची खूण करा. दीड-दोन महिन्यांनी ते पान डॉक्टरांपुढे ठेवलेत, तर औषध चालू ठेवायचे की बदलायचे, याचा निर्णय त्यावर घेता येतो.

राहिला लंडनचा प्रवास. विमानप्रवासानेही हा त्रास सुरू होऊ शकतो आणि ज्यांना एकदा झाला आहे त्यांना पुन्हा होण्याचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो, हे लपवण्यात अर्थ नाही. विमानात तुम्हाला बहुधा बरेच वाटेल. प्रश्न उतरल्यानंतरचा आहे. मेपर्यंत डोलणे पूर्ण थांबलेले असेल, तर थांबल्यानंतर निदान काही आठवडे स्थिर गेलेले असावेत, मगच निघावे. थोडे डोलणे शिल्लक असताना जायचे झालेच, तर प्रवासाच्या दिवसासाठी क्लोनाझेपामचा आधार घ्यावा का, हे तुमच्या डॉक्टरांकडून आधी ठरवून घ्या, विमानात दर तासा-दीड तासाने उठून मार्गिकेत चाला, आणि पोहोचल्यावर पहिले दोन दिवस फिरण्याचे बेत ठेवू नका. तिथे गेल्यावर थेम्समधली बोटीची सफर मुलीने कितीही आग्रह केला तरी या वेळी नको. तिकीट काढताना थोडे जास्त पैसे गेले तरी तारीख बदलता येईल असे काढा.